अर्धा किलोमीटर

सकाळी सहानंतर माझ्या सायकलच्या कॅरिअरवर
लोकांचं रक्त असतं.
थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या,
जांभळ्या बुचाच्या नळ्या, लाल बुचाच्या नळ्या,
प्रत्येकीवर नाव, वय, उपाशीपोटी की जेवून.
हुडकेश्वर, मानेवाडा, सात घरं,
आणि आठच्या आत मेडिकल चौकातली लॅब.
मे महिन्यात नागपूरचं डांबर साडेसातलाच तापतं.
बर्फ कोणासाठी थांबत नाही.

म्हणून मी उलटी जायची.
रिंग रोडचा कट पार पेट्रोल पंपापाशी आहे,
तिथून वळून यायचं म्हणजे अर्धा किलोमीटर जास्त.
सगळेच उलटे जातात. दूधवाला जातो, पेपरवाला जातो,
शाळेची व्हॅनसुद्धा जाते, वर इंडिकेटर देऊन,
जणू इंडिकेटर दिला की पाप फिटतं.

ट्रकवाल्यांना मात्र मी रोज शिव्या द्यायची.
त्यांचा वारा लागून हँडल हलायचं,
ओढणीला मारलेली गाठ सुटायची.
या रस्त्यावर सगळ्यात लहान मीच, असं वाटायचं.
चपला घालून चालणारं कुणी
माझ्याहूनही लहान असतं,
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

डोंगरवार काका रस्ता ओलांडत होते.
हातात चहाचा थर्मास.
त्यांनी उजवीकडे बघितलं,
जिकडून गाड्या येतात तिकडे,
नीट, थांबून बघितलं.
मी डावीकडून आले.

घंटी वाजवली होती मी.
हे नंतर चार जणांना सांगितलं,
आणि प्रत्येक वेळी ते थोडं कमी खरं वाटलं.

डबा उघडला, नळ्या गडगडत गेल्या,
दोन फुटल्या.
काका फुटपाथच्या कडेला बसले, गुडघा धरून,
आणि पहिलं काय विचारलं तर
"हे रक्त तुझं होय काय, पोरी?"
"नाही काका. लोकांचं आहे."
त्यांच्या कोपरातून येत होतं
ते त्यांचं होतं.

फुटलेल्यांतली एक नळी
निष्ठा बागडे, वय सात.
तिच्या घरी परत गेले मी दुपारी, नवी सुई घेऊन.
तिने हात पाठीमागे लपवला, रडली नाही,
नुसती म्हणाली,
"एकदाच टोचीन म्हणाली होतीस ना?"
ट्रॅफिक होतं, असं सांगता आलं असतं.
हो, म्हणाले. म्हणाले होते.

आता मी पेट्रोल पंपापर्यंत जाते.
त्या अर्ध्या किलोमीटरवर एक गुलमोहर आहे,
पंक्चरवाल्याचं टायर टांगलेलं झाड आहे,
तर्रीपोह्याची गाडी आहे, तिचा वास रिकाम्या पोटी छळतो.
हँडलला आरसा लावलाय. मागे लाल दिवा,
डिसेंबरच्या धुक्यासाठी घेतलेला, मेमध्येही लावते.
फिरायला निघालेल्या बायका पाठमोऱ्या दिसल्या
की घंटी कानात नाही वाजवत,
वेग उतरवते, म्हणते, "उजवीकडून येते हं, काकू."
काही सरकतात. काही गप्पांत असतात.
मग त्यांच्या मागून मी चालीच्या वेगाने जाते
आणि कोणाच्या सुनेने काय केलं ते सगळं ऐकते.

रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबले
तर परवा मागचा बाईकवाला ओरडला,
"कोनी तं नाही ना, काऊन उभी हाय बाप्पा?"
काय सांगणार.
बत्तीस सेकंद असतात. बर्फ वितळतो.
थोडा.

काका अजून दिसतात, त्याच वळणावर, तोच थर्मास.
गुडघा वाकतो आता, बरा आहे म्हणतात.
मला बघून हात करतात,
मग रस्त्यावर उतरायच्या आधी
उजवीकडे बघतात,
आणि डावीकडेही.
सत्तर वर्षं त्यांना ते लागलं नव्हतं.